वजन किती?

२ एप्रिलला दुपारी समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मचं काम आटपून जुहूला हेलिकॉप्टरमधून उतरले, रिक्षात बसले आणि आधी बूट काढले. मग दोन दिवस झोपूनच होते. आता डोकं जागेवर आलंय, तर लिहून टाकते. नोव्हेंबरात साहेबांनी "डेकबरोबर तुम्हालाही जायचंय" असं सांगितलं, तेव्हा या सगळ्यातून गेलेल्या कुणाचं तरी मराठीत काही वाचायला मिळेल म्हणून मी बरंच शोधलं होतं. हाती काही लागलं नाही.

मी स्ट्रक्चरल इंजिनियर. गेली अडीच वर्षं माझ्याकडे एकच काम होतं: अरबी समुद्रात उभ्या राहायच्या एका गॅस प्लॅटफॉर्मच्या डेकचं वजन सांभाळणं. हे सांगितलं की लोक हसतात. सासूबाईंनी तर विचारलं होतं, "म्हणजे तू काट्यावर बसतेस का गं?" तसं म्हटलं तर हो. प्लॅटफॉर्मचे मुख्य भाग दोन. खाली जॅकेट, म्हणजे पोलादी नळ्यांचा आठ पायांचा सांगाडा. तो समुद्रतळावर उभा करून त्याला पाइल ठोकून खिळवून टाकतात. वर डेक, म्हणजे मजल्यांवर मजले, आणि त्यांत कॉम्प्रेसर, सेपरेटर, वायू सुकवायची यंत्रं, पाइपांचं जंगल. हे सगळं शक्य तेवढं जमिनीवर, यार्डात पुरं करायचं, कारण समुद्रात तेच वेल्डिंग करायला कित्येक पट खर्च येतो. मग ही अख्खी इमारत नेऊन पायांवर ठेवायची. एखादा पंप बदलला, केबल वाढली, रंगाचा एक हात जास्त लागला, की ते माझ्या तक्त्यात चढायचं. शेवटचा हिशेब होता ८,४६० टन.

एवढं उचलणारी क्रेन-जहाजं जगात मोजकीच आहेत. 'स्लायप्नीर' जहाजावर १०,००० टनांच्या दोन क्रेन आहेत, आणि २०१९ मध्ये तिनं भूमध्य समुद्रात लेव्हिआथन वायुक्षेत्राचा १५,३०० टनांचा भाग एका उचलीत ठेवला. पण ती आपल्या तारखांना मोकळी हवी आणि तिचं भाडं झेपायला हवं. म्हणून आमचं ठरलं फ्लोटओव्हर. डेक बार्जवर उंच आधारांवर ठेवायचा, भरतीच्या वेळी बार्ज जॅकेटच्या पायांमधल्या फटीत घालायची आणि तिच्या टाक्यांत पाणी भरून तिला खाली बसवायची. डेक पायांवर टेकतो, बार्ज खालून निघून जाते. साखालिनजवळच्या बेर्कुट प्लॅटफॉर्मचा ४२ हजार टनांहून जड डेक २०१४ साली असाच बसवला. त्यापुढे आमचा डेक म्हणजे धाकटं भावंड.

१४ डिसेंबरला यार्डात डेक जोखला. खाली हायड्रॉलिक जॅक, प्रत्येक जॅकवर भार मोजणारा लोड सेल, आणि अख्खा डेक काही मिलिमीटर उचलून सगळे आकडे एकदम घ्यायचे. असं तीन वेळा. माझं जेवण गेलं नव्हतं, कारण अडीच वर्षांच्या तक्त्याची ही परीक्षा होती. काटा म्हणाला ८,६११. म्हणजे १५१ टन जास्त, पावणेदोन टक्क्यांच्या वर थोडं. नियमात बसणारा फरक होता, पण मला घाम फुटला. दोन दिवस आम्ही मजल्यामजल्यावर फिरलो. परांचीचे पाइप कुणी काढलेच नव्हते, एका टाकीत चाचणीचं पाणी तसंच होतं, आणि केबल ट्रेचा पुरवठादारानं दिलेला आकडाच कमी होता. बाकीचं कुठून आलं ते आजही नीट सांगता येत नाही. गुरुत्वमध्य २२ सेंटिमीटर सरकला होता. बॅलास्टचं, म्हणजे बार्जमध्ये कुठल्या टाकीत किती पाणी घ्यायचं याचं, गणित त्यामुळे पुन्हा करावं लागलं.

नव्यानं या कामात आलेल्यांना एक सांगते. पुरवठादाराच्या कागदावरचं वजन 'कोरडं' की 'चालू स्थितीतलं' हे पहिल्याच दिवशी लेखी विचारा. मी फोनवर विचारलं होतं.

आता कागदपत्रं. खरं तर समुद्रापेक्षा मी यातच जास्त बुडाले.

३ जानेवारीला मेडिकल. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी, कानांची तपासणी, फुंकर मारायचं यंत्र, रंगांधळेपणाचे ठिपके. ४,२०० रुपये, आधी आपण भरायचे. काट्यावर उभी राहिले, बाईंनी मोठ्यानं आकडा वाचला आणि बीएमआय काढला. तिथवर ठीक. रक्तदाब मात्र निघाला १५०/९६. आयुष्यात कधी नव्हता. लिफ्ट बंद म्हणून चार मजले चढून आले होते आणि चहा पिऊन आले होते. डॉक्टर म्हणाले, उद्या या. दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन गप्प बसले, तर १२६/८२. तुम्हीही तसंच करा. चहा नंतर.

९ ते ११ जानेवारी समुद्री बचावाचं प्रशिक्षण, टी-बोसिएट. टी म्हणजे ट्रॉपिकल. आपल्याकडचं पाणी उबदार, त्यामुळे थंड समुद्रातला रबरी सूट यात नसतो. फी ४१,००० रुपये, कंपनीनं भरली. प्रमाणपत्र चार वर्षं चालतं. आग विझवणं, धुरातून रांगत बाहेर येणं, प्रथमोपचार, बंदिस्त लाइफबोट, हे सगळं पार पडतं. लोक घाबरतात ते ह्युएटला, म्हणजे पाण्यात उलट्या झालेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर येण्याला. मीही घाबरले होते. मला पोहता येतं, पण तळ्यातलं, डोकं वर ठेवून.

आमचे प्रशिक्षक नौदलातून निवृत्त झालेले, मालवणकडचे. पहिल्या तासाला त्यांनी २७ जुलै २००५ सांगितला. मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर आपल्याकडच्या जखमी माणसाला पोचवायला जवळ आलेलं जहाज रायझरला, म्हणजे समुद्रतळावरून वर येणाऱ्या पाइपला आपटलं. वायू सुटला, आग लागली. २२ जणांचा जीव गेला आणि प्लॅटफॉर्म काही तासांत संपला. "जे वाचले त्यांतले कित्येक पाण्यात उड्या मारून वाचले," ते म्हणाले, "तेव्हा उद्या तलावात कोणी मला नाकात पाणी गेल्याचं सांगू नका."

तलावावर हेलिकॉप्टरचा डबा टांगलेला असतो. आत चार खुर्च्या, चार पट्ट्यांचे बेल्ट, ढकलून काढायच्या खिडक्या. आधी डबा नुसता पाण्यावर टेकवतात, मग सरळ बुडवतात, आणि शेवटी बुडवून उलटा करतात. क्रम पाठच करायचा. एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बेल्टच्या बकलवर. पाणी छातीशी आलं की श्वास भरून घ्यायचा. डबा फिरायचा पूर्ण थांबेपर्यंत काही करायचं नाही. मग खिडकी ढकलायची, आणि सगळ्यात शेवटी बकल सोडायचं. शेवटी का, ते माझ्या पहिल्या उलट्या फेरीत कळलं. मी घाईत बकल आधी सोडलं. बेल्ट सुटला तशी मी तरंगत डब्याच्या जमिनीला जाऊन चिकटले, म्हणजे आता जे छत झालं होतं त्याला. खिडकीवरचा हात सुटला, आणि डावं कुठे, उजवं कुठे, काही उरलं नाही. नाकातून क्लोरीनचं पाणी थेट डोक्यात गेल्यासारखं झालं. आत सुरक्षेसाठी पाणबुडे असतातच, त्यांतल्या एकानं खांद्याला धरून मला खिडकीतून बाहेर लोटलं. सगळं मिळून दहा सेकंदही झाले नसतील.

वर आले तर सर काठावर उभे. ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हात सुटला की घर सुटलं. परत बसा." परत बसले. दुसऱ्यांदा डोळे गच्च मिटले आणि फक्त डाव्या हाताच्या बोटांकडे लक्ष दिलं. खिडकीची कड बोटांत होती, बाकी जग उलटं होऊ दे. बाहेर आले. नाकातून हळू हवा सोडत राहिलं की पाणी चढत नाही. पोहता येत नसेल तर आधीच सांगा. आमच्यातल्या तिघांना येत नव्हतं, तिघेही पास झाले.

१२ तारखेला एक दिवस हायड्रोजन सल्फाइडचा वर्ग. बसीनच्या समुद्री क्षेत्रातला वायू आंबट आहे, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो; हजीरात तो काढून वायू गोड करून घेतात. हायड्रोजन सल्फाइड थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधीर होतं आणि वास गेला असं वाटतं. मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसायला हवा म्हणून वर्गातल्या दोघांना दाढी काढावी लागली. एकाचं लग्न आठवड्यावर होतं. तो बिचारा दिवसभर गालावरून हात फिरवत होता.

१६ जानेवारीला समुद्रात प्लॅटफॉर्मवर जायच्या पासचा अर्ज. कंपनीचं पत्र, मेडिकल, दोन्ही प्रमाणपत्रं, पोलीस पडताळणी, फोटो, ओळखपत्र. २९ तारखेला अर्ज परत. कारण: "नावात तफावत." माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव आहे. आधारवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं. प्रशिक्षण पासपोर्ट दाखवून केलं, पोलीस पडताळणी आधारवरून झाली, आणि मेडिकलवाल्यांनी मधलं नावच गाळलं. खिडकीमागच्या गृहस्थांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडले आणि अगदी शांतपणे विचारलं, "ह्या तिघी एकच का?"

५०० चा स्टॅम्प पेपर, ४०० नोटरीचे, विवाह नोंदणीची प्रत, मेडिकलचा दाखला नव्यानं, आणि पोलीस पडताळणी पुन्हा. त्यासाठी ठाण्यात तीन फेऱ्या झाल्या, कारण संबंधित कर्मचारी बंदोबस्तावर होते. पास २० फेब्रुवारीला हातात आला, अर्ज केल्यापासून ३५ दिवसांनी. बायांनो, पहिल्या दिवशी एकच ओळखपत्र ठरवा आणि मेडिकलपासून शेवटपर्यंत तेच, अक्षर न् अक्षर, वापरा. पुरुषांना हे सांगायची गरज पडत नाही.

दरम्यान डेक बार्जवर चढला होता. ६ फेब्रुवारीला रुळांवरून सरकवत, बार्ज भरती-ओहोटीबरोबर वरखाली होऊ नये म्हणून तिच्यात सतत पाणी घेत-सोडत. मी ते पाहायला गेले नाही, पासच्या मागे होते. ९ ला टगनं ओढत नेली, श्रीलंकेला वळसा घालून २२ ला आपल्या बाजूला पोचली. पाच-सहा नॉटचा वेग. रोज सकाळी नकाशावरचा ठिपका बघायची सवयच लागली होती. आल्यावर बार्ज आणि टग दोन्हींच्या सुरक्षा तपासण्या, त्यातही दिवस गेले.

६ मार्च, पहाटे साडेपाच, जुहू. बॅग काट्यावर, मग बॅगेसकट मी काट्यावर. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, वजन किती सांगितलं होतं?" मी सांगितलेल्यापेक्षा दीड किलो जास्त. हेलिकॉप्टरचं गणित याच आकड्यांवर चालतं, तेव्हा लाजून कमी सांगू नका. बॅगेला दहा किलोंची मर्यादा होती, लोकरी शाल बाहेर काढली. बार्जच्या एसीत नंतर रोज तिची आठवण आली. शाल न्या, पुस्तक ठेवा.

मुंबई हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर. १९७४ साली 'सागर सम्राट' या खोदकामाच्या रिगनं तिथे तेल शोधलं. आमची जागा त्याहून अलीकडे. पाऊण तासात खाली पिवळे ठिपके दिसू लागले, मग ते वाढून टेबलं झाली, मग घरं. शेजारच्या जुन्या प्लॅटफॉर्मवर उतरलो. तिथून राहायच्या बार्जवर जायला बास्केट. म्हणजे खाली गोल कडं, वर दोऱ्यांचा शंकू. कड्यावर बाहेरून उभं राहायचं, दोऱ्यांतून हात आडवे गुंफून धरायचे, बॅग मधे, आणि क्रेन उचलते. "गुडघे सैल ठेवा, खाली बघू नका," रिगर दादा म्हणाले. मी खाली बघितलं. जॅकेटचे पाय हिरव्या पाण्यात उतरत जात होते, पाण्याच्या रेषेवर शिंपल्यांचा जाड थर, आणि लाट पायाला टेकून हलकेच वर चढत होती. मॉडेलमध्ये या थराची जाडी मी एका रकान्यात टाइप केली होती. तो पाय इतका जाड दिसेल असं वाटलं नव्हतं.

बार्जवर अडीचशेच्या आसपास पुरुष आणि आम्ही दोघी, मी आणि सेफ्टी ऑफिसर. एकच केबिन, तिची रात्रपाळी, माझी दिवसपाळी, म्हणजे बंक नेहमी ऊबदार. सगळ्यात लहान कव्हरऑल माझ्या बोटांच्याही खाली येत होता. सुरक्षा-बूट मुंबईतूनच २,९०० ला घेऊन गेले होते ते बरं झालं.

मग वाट पाहणं. ७ ते १८ मार्च. लाट एक मीटरच्या आत हवी, वारा मर्यादेत, आणि सलग दीड दिवस तसंच राहील असा अंदाज हवा. अंदाज दिवसातून दोनदा यायचा. ११ तारखेला समुद्र आरशासारखा होता आणि तरीही विम्याच्या बाजूच्या सर्व्हेयरनी सही दिली नाही. मला राग आला. त्यांनी मला डेकवर नेलं आणि म्हणाले, क्षितिजाकडे बघत उभ्या राहा. पाच मिनिटांनी जाणवलं: लाट दिसत नव्हती, पण अख्खी बार्ज संथ श्वास घेतल्यासारखी वरखाली होत होती. दूर दक्षिणेकडून आलेला स्वेल, म्हणजे लांब, संथ लाट, दर तेरा-चौदा सेकंदांनी एक. उंचीला कमी, पण पायाच्या टोकाशी डेक टेकताना तेवढ्यानंही शेकडो टनांचा ठोसा बसतो.

त्या रात्री स्लाइप्नर ए नावाचा प्लॅटफॉर्म डोक्यात घोळत राहिला. २३ ऑगस्ट १९९१, नॉर्वेचा फियोर्ड. त्याचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत असताना कप्प्याची भिंत तडकली आणि सगळा पाया तळाशी जाऊन फुटला. भूकंपमापकांवर ३ रिश्टरची नोंद झाली. माणसं वाचली. कारण संगणकावरच्या गणितात होतं: भिंतींवरचा शिअर, म्हणजे कातरणारा जोर, ४७ टक्के कमी निघाला होता. आमच्या धंद्यात हे सगळ्यांना शिकवतात. केबिनमध्ये अंधारात आठवलं की वेगळं वाटतं. माझे १५१ टन मी पुन्हा मनात मोजले.

१८ ला संध्याकाळी सही झाली. १९ मार्च, पहाटे ४:४०, भरती. चार टग आणि विंचच्या दोरांनी बार्ज फटीत शिरू लागली. दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे फेंडर आणि पायांमध्ये हातभर जागा. कुणी ओरडत नव्हतं, रेडिओवर फक्त आकडे. समुद्रप्रवासासाठी डेकला बांधून ठेवणारे पोलादी आधार गॅस कटरनं कापले गेले, ठिणग्या पाण्यात पडत होत्या. मग पंप सुरू झाले आणि ओहोटीही लागली. डेकच्या आठ सुळक्यांखाली जॅकेटच्या पायांची आठ तोंडं, त्यांत रबर आणि पोलादाच्या थरांच्या उश्या. दीड मीटरचं अंतर, मग अर्धा, मग विताएवढं.

७:१० ला पहिला स्पर्श. आवाज अपेक्षेपेक्षा लहान होता, दूरच्या गोदामाचं दार लागल्यासारखा. मग सगळीकडून तसे. वीस टक्के भार, तीस. आता थांबायचं नाही, कारण अर्ध्या भारावर लाटेला सगळ्यात जास्त मजा करता येते. ९:३५ ला शंभर. बार्ज मोकळी झाली, दोनदा खालून आधारांना टकटक केली आणि मग सुटली. बाहेर ओढली तेव्हा डेकखाली पहिल्यांदा उजेड दिसला.

उश्यांच्या खाली वाळूचे जॅक असतात. दुपारी त्यांच्या बुच्या काढल्या. पोलादी नळीतून कोरडी, पिवळी वाळू भुरुभुरु बाहेर आली, एखादं पोतं फाटावं तशी, आणि साडेआठ हजार टन त्याबरोबर मिलिमीटर-मिलिमीटर खाली येत पोलादावर पोलाद बसलं. वेल्डर तयारच होते. त्या वाळूची एक मूठ मी कव्हरऑलच्या खिशात टाकली.

बॅलास्टवाल्या इंजिनियरना गाठलं. पहिल्या स्पर्शापासून सुटेपर्यंत बार्जनं किती पाणी घेतलं, त्यातून ओहोटीचा हिशेब वजा केला, की डेकचं वजन साधारण कळतं. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "८,५५० ते ८,७००. याहून नेमकं मला विचारू नका, मॅडम." मी जाऊन चहा घेतला, साखर दोन चमचे.

वेल्डिंग, तपासणी आणि सह्यांमध्ये आणखी दोन आठवडे गेले. परतीला पास जमा करायचा असतो, विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी अडतं. प्रवासखर्चाचं बिल मी ४ तारखेला भरलं. मेडिकल ४,२०० मंजूर, बूट २,९०० मंजूर. स्टॅम्प पेपर आणि नोटरीचे ९०० काल परत आले. पावतीवरचं नाव कर्मचारी नोंदीशी जुळत नाही, असा शेरा आहे. खुलाशासाठी प्रतिज्ञापत्र जोडायला सांगितलंय.